बर्पचा आकडा अडकतो किंवा फेरीगणिक घसरतो: वॅट वाढवण्याआधी काय तपासायचं

पहिल्या बर्पला, म्हणजे आवाजाचा दाब मोजण्यासाठी गाडीतल्या सबवूफरवर पूर्ण जोरात वाजवलेल्या दोन-तीन सेकंदांच्या टोनला, मीटरवर १४८.३ डेसिबल (डीबी) आले. दहा मिनिटांनी दुसऱ्याला १४७.४, तिसऱ्याला १४६.१. गाडी तीच, टोन तोच, गेनला (अँपची पातळी ठरवणाऱ्या बटणाला) हातही लावलेला नव्हता. पंधरा दिवसांनी मोठा अँप (अँप्लिफायर) बसवून पाहिला तर पहिला आकडा जेमतेम ०.४ ने वर गेला आणि तिसऱ्या फेरीची घसरण उलट वाढली. स्पर्धेसाठी सबवूफर सिस्टिम बांधणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या वाट्याला हा प्रकार एकदा तरी येतो. सल्ला मात्र दरवेळी एकच मिळतो: आणखी वॅट टाका. माझ्या अनुभवात दहातल्या आठ वेळा वॅट कमी नसतातच. असलेले वॅट वाटेत गळत असतात, आणि तेही एका मोठ्या भोकातून नाही, चार-पाच बारीक भोकांतून. प्रत्येक भोक पाव ते दीड डीबीचं असतं, म्हणून ते नजरेत भरत नाही.

आधी तक्रार नेमकी कोणती ते ठरवा. आकडा पहिल्या फेरीपासूनच अपेक्षेपेक्षा कमी असेल, तर संशय वूफरचा खोका, ट्यूनिंग (खोका ज्या फ्रिक्वेन्सीला घुमतो ती), इम्पिडन्स (वूफरचा विजेला होणारा एकूण अडथळा) आणि गाडीच्या बॉडीवर घ्यायचा. पहिला आकडा चांगला येऊन नंतर उतरत असेल, तर वीजपुरवठा आणि व्हॉइस कॉइलची (वूफरमधल्या तारेच्या गुंडाळीची) उष्णता आधी बघायची. माझ्या गाडीत दोन्ही दुखणी होती. अनेकांच्या गाडीत असतात. पण दोन्हींवर एकदम उपचार सुरू केले की कशाने काय झालं हे कधीच कळत नाही.

डेसिबलचा हिशोबही एकदा डोक्यात पक्का बसवून घ्या. वॅट दुप्पट केले तर जास्तीत जास्त ३ डीबी मिळतात, तेही बाकी सगळं आदर्श असेल तर. १ डीबीसाठी साधारण २६ टक्के जास्त पॉवर लागते. म्हणजे वायर, फ्यूज आणि जोडण्यांमधली दीड डीबीची गळती बुजवणं हे अँप ४० टक्क्यांनी मोठा घेण्याइतकंच आहे.

मोजायची शिस्त

फोनवरच्या अ‍ॅपने हे काम होत नाही. त्या मायक्रोफोनची क्षमता १४० च्या खूप आधीच संपते आणि पुढे तो काहीही दाखवतो. टर्म-लॅबसारखा उच्च दाबासाठी बनवलेला सेन्सर हवा. स्वतःचा नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे एक दिवस ठरवून बसा, पण मोजमाप खऱ्या सेन्सरवरच घ्या. सेन्सर पुढच्या काचेवर लावत असाल तर डॅशबोर्डपासून आणि बाजूच्या खांबापासून त्याचं अंतर टेपने मोजून लिहून ठेवा. तो काही सेंटीमीटर इकडे-तिकडे सरकला तरी आकडा बदलतो आणि आपण उगाच खोक्याला दोष देत बसतो. सीट किती मागे, पाठ किती कललेली, कुठली काच नीट बसलेली नव्हती, बर्पआधी बॅटरीचं व्होल्टेज किती, हवेचं तापमान किती, हे सगळं प्रत्येक आकड्याशेजारी वहीत आलं पाहिजे. एका वेळी एकच बदल करायचा, आणि प्रत्येक बदलानंतर तीन आकडे घ्यायचे.

बर्प चालू असताना गाडीत बसू नका. ८५ डीबीला आठ तास ही कानांसाठी मान्य मर्यादा आहे आणि दर ३ डीबीला ती वेळ निम्मी होते. या हिशोबाने ११५ डीबीला अर्धं मिनिटही उरत नाही. १४८ ला हिशोब करायचा प्रश्नच येत नाही. बाहेरून रिमोटने टोन चालवा आणि बाहेर उभं असतानाही कानात प्लग घालून वर इअरमफ लावा. टेस्ट बघायला आलेल्या मित्रांनाही तेच. लहान मुलांना गाडीच्या जवळपास फिरकू देऊ नका.

वीज कुठे मरते

बहुतेक जण इंजिन चालू करून बॅटरीवर मीटर लावतात, १४.२ दिसले की समाधानाने मीटर ठेवून देतात. त्या मापाचा इथे उपयोग नाही. व्होल्टेज बघायचं ते अँपच्या टर्मिनलवर, आणि तेही पूर्ण जोराचा बर्प चालू असताना. मीटरला किमान व्होल्टेज धरून ठेवायची सोय असेल तर उत्तम, नाहीतर फोनचा कॅमेरा मीटरवर रोखून रेकॉर्डिंग करा आणि नंतर सावकाश बघा.

माझ्या गाडीत आरामात १४.२ असलेलं व्होल्टेज बर्पमध्ये अँपवर ११.९ पर्यंत खाली येत होतं. रेग्युलेटेड नसलेल्या, म्हणजे पुरवठ्याचं व्होल्टेज बदललं तर आउटपुट स्थिर न ठेवणाऱ्या, अँपची पॉवर साधारण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. १४.२ वरून ११.९ म्हणजे दीड डीबी गेले, टोनच्या पहिल्या सेकंदातच.

मग दुसरं माप घेतलं. त्याच बर्पमध्ये बॅटरीच्या खांबांवर १२.६ मिळाले. म्हणजे ०.७ व्होल्ट बॅटरी ते अँप या रस्त्यातच मरत होते. ते नेमके कुठे, हे शोधायची पद्धत सोपी आहे. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक प्रोब बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर आणि दुसरी अँपच्या पॉझिटिव्ह टर्मिनलवर लावा आणि बर्प वाजवा. जो आकडा दिसेल तेवढे व्होल्ट त्या वाटेत गेले. मग हीच वाट तुकड्यांत मोजा: खांब ते लग (वायरच्या टोकाचं धातूचं कडं), फ्यूज होल्डरच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, नंतर उरलेली वायर. निगेटिव्ह बाजूलाही असंच: बॅटरीचा निगेटिव्ह खांब ते अँपचं ग्राउंड टर्मिनल.

मला पॉझिटिव्ह वायरमध्ये ०.२ मिळाले. ते अपेक्षितच होतं. १/० गेजच्या चांगल्या तांब्याच्या वायरचा रोध मीटरला सुमारे ०.३२ मिलिओम असतो, चार मीटर वायरमधून १७० अँपियर गेले की ०.२ व्होल्ट पडणारच. ग्राउंडच्या वाटेत ०.१५ होते. आणि उरलेले ०.३५ एकट्या फ्यूज होल्डरमध्ये. बर्प संपल्याबरोबर मी होल्डरच्या झाकणावर बोट टेकवलं आणि झटक्यात मागे घेतलं. १७० अँपियरला ०.३५ व्होल्ट म्हणजे ६० वॅट, एका बऱ्यापैकी सोल्डरिंग आयर्नइतकी उष्णता त्या एवढ्याशा डबीत कोंडली जात होती. उघडून पाहिलं तर फ्यूजच्या पात्याखालचा स्क्रू पाऊण फेरा सैल होता आणि पात्याची कड निळसर-काळपट पडली होती. हा होल्डर मला विकणाऱ्याने जाड मुलाम्याचा म्हणून दिला होता. आत साध्या पातळ पत्र्यावर मुलामा होता.

आता सावधपणे वाचा. हा होल्डर बदलून पहिल्या बर्पला मला जेमतेम पाव डीबी मिळाले, कारण ११.९ चे १२.२ च्या आसपास झाले एवढंच. पण सैल जोड तापतो, तापला की त्याचा रोध वाढतो आणि पुढच्या फेरीला तो आणखी व्होल्ट खातो. तिसऱ्या फेरीच्या घसरणीत त्याचा वाटा पहिल्या फेरीपेक्षा मोठा होता. शिवाय असा जोड एक दिवस वितळतो, आणि तो बोनेटखाली असतो. एवढं कारण पुरेसं आहे.

ग्राउंडची जागा रंग खरवडून उघड्या धातूवर आहे की नाही ते पुन्हा बघा. सीट बेल्टच्या किंवा सीटच्या बोल्टवर ग्राउंड घेऊ नका. तिथे बऱ्याचदा सीलंट किंवा रंगाचा थर असतो, आणि तो बोल्ट सुरक्षेचा आहे, त्याला हात लावायचा नसतो. मोठ्या करंटला बॅटरीच्या निगेटिव्हपासून अँपपर्यंत स्वतंत्र जाड वायर ओढली की बॉडीच्या पत्र्यांच्या जोडांवर भरवसा ठेवावा लागत नाही. आणि वायर तांब्याचीच घ्या. तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या वायरचा रोध त्याच जाडीच्या तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो. वायरच्या टोकाला चाकूने हलकं खरवडलं की आतला पांढुरका धातू लगेच दिसतो.

राहिला बॅटरीवरचा १४.२ ते १२.६ हा खड्डा. इथे दोन गोष्टी. अल्टरनेटरवर लिहिलेले अँपियर आयडलला मिळत नाहीत. इंजिन आयडलला असताना बऱ्याचदा निम्मेच हाती येतात, म्हणून बर्पआधी आरपीएम वाढवून स्थिर ठेवा. आणि अल्टरनेटर लोडची चाहूल लागल्यावर सावकाश उठतो. दोन-तीन सेकंदांच्या बर्पमध्ये पहिला धक्का बॅटरीच झेलते. त्यामुळे बर्पसाठी बॅटरीचा आतला रोध कमी असणं अल्टरनेटरच्या अँपियरपेक्षा महत्त्वाचं ठरतं. इथे लिथियम आयर्न फॉस्फेट किंवा लिथियम टायटेनेट बॅटऱ्या लेड-अ‍ॅसिडपेक्षा स्पष्टपणे पुढे असतात, कारण लोडखाली त्यांचं व्होल्टेज कमी घसरतं. लिथियम आणि लेड-अ‍ॅसिड मात्र नीट अभ्यास न करता समांतर जोडू नका. अनेक नव्या गाड्यांत कंप्युटर बॅटरी भरलेली बघून चार्जिंगचं व्होल्टेज मुद्दाम खाली आणतो. इंजिन चालू असून मीटरवर साडेबारा-तेरा दिसत असेल तर हे कारण तपासा. कित्येक गाड्यांत हेडलाइट लावले की व्होल्टेज वर येतं.

दोन फेऱ्यांमध्ये बॅटरी पुन्हा भरायला वेळ द्या. बर्पआधीचं व्होल्टेज दर वेळी तेच असेल तरच आकड्यांची तुलना करता येते. दुसरी फेरी १३.१ ला सुरू करून "आज खोका नीट वाजत नाही" असं म्हणण्यात अर्थ नाही.

क्लिपिंगबद्दल खरं बोलायचं तर

गेन कमी ठेवा, क्लिप होऊ देऊ नका, म्हणजे अँपला मर्यादेपलीकडे ढकलून लहरीची शिखरं छाटली जाऊ देऊ नका, असा सल्ला सगळे देतात. तो बरोबर आहे, पण अर्धा. बर्पमध्ये क्लिप केल्यावर आकडा वाढतो हे खरं आहे. साइन लहर पूर्ण चौकोनी झाली तर तिच्यातल्या मूळ फ्रिक्वेन्सीचा घटक सुमारे २.१ डीबीने वाढतो. पण त्याच वेळी एकूण पॉवर दुप्पट होते, आणि जास्तीची बरीचशी पॉवर आवाज न होता कॉइलमध्ये उष्णता होऊन बसते. पहिल्या फेरीला फायदा मिळतो आणि तिसऱ्या फेरीला तो व्याजासकट फेडावा लागतो. दिवसभर आठ-दहा फेऱ्या असतील तर मी क्लिप करणार नाही. अंतिम एकच फेरी उरली असेल आणि कॉइल थंड असेल तर थोडं क्लिपिंग हा ज्याचा त्याचा निर्णय. वूफर जळायचा धोका मात्र डोळे उघडे ठेवून घ्यावा.

गेन लावताना एक चूक सतत होते. घरी इंजिन चालू ठेवून, वूफर न जोडता, ऑसिलोस्कोपवर स्वच्छ साइन दिसेपर्यंत गेन लावला जातो. तेव्हा व्होल्टेज १४.२ असतं. प्रत्यक्ष बर्पमध्ये ते १२ च्या खाली जातं, अँपची कमाल पातळी खाली येते आणि तोच गेन आता सपशेल क्लिप करतो. लोड जोडून, बर्प चालू असताना स्कोपवर बघा. अनेक मोनो क्लास डी अँपचं निगेटिव्ह आउटपुट ग्राउंड नसतं, म्हणून स्कोपची ग्राउंड क्लिप गाडीच्या बॉडीला लागेल असं काही करू नका. बॅटरीवर चालणारा स्कोप वापरा.

फिल्टरचीही अशीच गंमत होते. गेन ५० हर्ट्झच्या टोनवर लावला आणि बर्प ४४ ला केला, पण सबसॉनिक फिल्टर (फार खालचे टोन अडवणारा) ४० ला राहिला. २४ डीबी प्रति ऑक्टेव्हचा फिल्टर ४० ला असेल तर ४४ ला दीड डीबीहून जास्त खाऊन जातो. लो-पास (वरचे टोन अडवणारा फिल्टर) ६० ला असेल तर ५० ला जवळपास १ डीबी जातो. ज्या फ्रिक्वेन्सीला बर्प करणार त्याच फ्रिक्वेन्सीला गेन लावा आणि दोन्ही फिल्टर तिच्यापासून पुरेसे दूर ठेवा. पण सबसॉनिक बंद करून टाकू नका. ट्यूनिंगच्या खाली पोर्टेड खोका (हवेसाठी पोर्ट म्हणजे तोंड ठेवलेला) कोनला, म्हणजे वूफरच्या पडद्याला, धरून ठेवत नाही आणि चुकून वाजलेल्या एका खालच्या टोनने कोनला मागून धरणारा स्पायडर फाटू शकतो.

एक ओम, म्हणायला

अँपवर लिहिलेलं असतं एक ओमला ४००० वॅट. दोन वूफर, प्रत्येकाला एक ओमच्या दोन कॉइल, त्या आपसात सिरीजमध्ये आणि दोन वूफर समांतर. बेरीज एक ओम. तर मग ४००० वॅट मिळत असतील?

बर्प चालू असताना अँपच्या आउटपुटवर एसी व्होल्ट मोजा आणि क्लॅम्प मीटरने स्पीकर वायरमधला करंट. दोन्ही मीटर ट्रू आरएमएस हवेत, आणि क्लॅम्पमध्ये एकच तार घालायची. मला ५६ व्होल्ट आणि ३० अँपियर मिळाले. भागाकार केला की १.८७ ओम, गुणाकार केला की १६८० व्होल्ट-अँपियर. खरे वॅट त्याहूनही थोडे कमी, कारण व्होल्टेज आणि करंट एकाच ठेक्यात चालत नाहीत. म्हणजे ४००० वॅटच्या अँपमधून निम्मेही वॅट बाहेर पडत नव्हते, आणि अँपचा त्यात काही दोष नव्हता. खोक्यात बसवलेल्या, हलणाऱ्या वूफरचा इम्पिडन्स मीटरवर दिसणाऱ्या रोधापेक्षा चढतो, यालाच बॉक्स राइज म्हणतात. पोर्टेड खोक्यात हा इम्पिडन्स ट्यूनिंगच्या फ्रिक्वेन्सीजवळ सर्वांत खाली असतो आणि दोन्ही बाजूंना डोंगरासारखा वर जातो. तुमचा बर्प ट्यूनिंगपासून चार-पाच हर्ट्झ दूर असेल तर तुम्ही त्या डोंगराच्या उतारावर आहात.

मोठा अँप बसवून मला ०.४ का मिळाले याचं उत्तर इथे मिळालं. करंट मागायला लोडच तयार नव्हता, आणि जो थोडा जास्त करंट गेला त्याने व्होल्टेज आणखी खाली ओढलं.

यावर दोन उपाय. एक, खालच्या ओमवर वायरिंग करणं, म्हणजे बर्पच्या फ्रिक्वेन्सीला प्रत्यक्ष इम्पिडन्स अँपला झेपेल अशा पातळीवर येईल. हे करणारे पुष्कळ आहेत, पण मी ते सगळ्यात शेवटी करतो. टोन थोडा सरकला किंवा चुकून गाणं वाजलं तर इम्पिडन्स एकदम खाली जातो आणि अँप फुटतो. दुसरा उपाय म्हणजे ट्यूनिंग बर्पच्या फ्रिक्वेन्सीजवळ आणणं. तो धीमा आहे, पण त्यात काही जळत नाही.

वायरिंगला हात घातलाच आहे तर पोलॅरिटी तपासूनच घ्या. १.५ व्होल्टचा साधा सेल एकेका कॉइलला क्षणभर लावा. कोन प्रत्येक वेळी त्याच दिशेला उडाला पाहिजे. दोनपैकी एक वूफर उलटा जोडलेला असेल तर आवाज बराच पडतो, पण पूर्ण थांबत नाही, म्हणून लोक महिनोन्महिने तसंच वाजवत राहतात.

नेमका टोन कुठला

खोका ४५ ला ट्यून केला म्हणून गाडी ४५ ला सगळ्यात मोठ्याने वाजेलच असं नाही. केबिन, डिकी आणि खोका मिळून एक शिखर ठरतं, आणि ते बहुधा ट्यूनिंगच्या थोडं वर सापडतं. कमी पॉवरवर ३५ ते ६० हर्ट्झ एकेक हर्ट्झने वाजवून आकडे लिहा. शिखराभोवतीच्या तीन-चार फ्रिक्वेन्सी मग पूर्ण पॉवरवर तपासा, कारण पूर्ण जोरात पोर्टमधली हवा वेगळी वागते आणि शिखर एखाद-दोन हर्ट्झ सरकू शकतं.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. ध्वनीचा वेग तापमानाबरोबर वाढतो: २० अंशांना सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, ४० अंशांना ३५५ मीटर. पोर्टचं ट्यूनिंगही त्याच प्रमाणात वर जातं. सकाळी थंड हवेत ४५ ला वाजणारा खोका दुपारी तापलेल्या गाडीत ४६.५ च्या आसपास वाजतो, आणि केबिनचा प्रतिसादही त्याच दिशेने सरकतो. आपण मात्र सीडीत किंवा पेन ड्राइव्हमध्ये भरलेला जुना ४५ चाच टोन वाजवत असतो. अर्ध्या-अर्ध्या हर्ट्झच्या अंतराचे दहा टोन जवळ ठेवा आणि दिवसाच्या वेळेप्रमाणे शिखर पुन्हा शोधा. मला यात एकदा ०.७ डीबी मिळाले आहेत, एकही स्क्रू न हलवता.

खोका

गळती शोधायला टिश्यू पेपरची बारीक पट्टी घ्या आणि मध्यम आवाजात ३०-३५ हर्ट्झचा टोन लावून ती पट्टी प्रत्येक सांध्यावरून, वूफरच्या रिंगभोवती आणि टर्मिनलच्या कपाभोवती सावकाश फिरवा. गळती असेल तिथे पट्टी फडफडते. सर्वांत जास्त वेळा ती टर्मिनलच्या कपाशी सापडते, कारण तिथे सील लावायचं लोक विसरतात. स्पीकर वायर थेट खोक्यातून भोक पाडून काढली असेल तर ते भोकही तपासा. हे काम कमी आवाजातच करा आणि तरीही कानात प्लग ठेवा.

भिंतींना तळहात लावून बघा. १८ मिलिमीटरची भिंत मोठ्या चौरसात मोकळी सोडली तर ती कोनसारखी हलते, आणि ती हालचाल वूफरच्या हालचालीतून चोरलेली असते. समोरची पाटी दुहेरी करा. आत आडव्या-उभ्या ताणपट्ट्या अशा घाला की कुठलाही मोकळा चौरस हाताच्या दीड वितीपेक्षा मोठा राहणार नाही. पट्ट्यांनी व्यापलेली जागा आतल्या लिटरमधून वजा करायला विसरू नका.

पोर्ट अरुंद असेल तर हवा तिथे गुदमरते. तोंडाशी फुसफुस ऐकू येते आणि पॉवर वाढवली तरी आकडा हलत नाही. दर १०० लिटरला २७० ते ३६० चौरस सेंटीमीटर हा चांगला अंदाज आहे. निव्वळ बर्पसाठी बांधणारे याच्याही वर जातात. पोर्ट रुंद केला की ट्यूनिंग वर चढतं, म्हणून लांबीही वाढवावी लागते. तोंडाच्या कडा गोल करा. पोर्टचं आतलं तोंड आणि समोरची भिंत यांत पोर्टच्या रुंदीइतकी तरी जागा ठेवा.

खोका डिकीत कुठल्या तोंडाने बसतो यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवतो, आणि तो वेळ कधी वाया गेलेला नाही. तोंड मागे करून, वर करून, मागच्या दारापासून दहा-दहा सेंटीमीटर सरकवत प्रत्येक जागेला तीन आकडे घ्या. मला याच उठाठेवीत १.१ डीबी मिळाले. अख्ख्या कामात एका बदलाने मिळालेला हा सर्वांत मोठा फायदा, आणि खर्च शून्य.

गाडीचा पत्रा आणि काच

१५० डीबीला हवेचा दाब ६३२ पास्कल असतो. एक चौरस मीटरच्या पुढच्या काचेवर हा शिखराला जवळपास ९० किलोचा जोर होतो, एकदा बाहेर आणि एकदा आत, सेकंदाला पंचेचाळीस वेळा. काच हलली की तेवढा दाब सेन्सरपर्यंत पोचत नाही. बघायचं असेल तर बाहेरून एका छोट्या लेझर पॉइंटरचा ठिपका काचेवरून परावर्तित करून भिंतीवर पाडा. पॉइंटर गाडीला न टेकवता स्टँडवर ठेवा, आणि किरण कुणाच्या डोळ्यांच्या उंचीवर येणार नाही याची खात्री करा. बर्प चालू होताच ठिपक्याची रेघ होते. रेघ जितकी लांब तितकी काच हलते आहे. छत, मागचं दार, नंबर प्लेटची जागा, हे सगळं असंच बघता येतं.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. ब्युटाइलच्या शीट चिकटवल्या की पत्रा घट्ट झाला असं लोक समजतात. त्या शीट पत्र्याचं खुळखुळणं थांबवतात, आणि ते काम त्या छान करतात. पण ४५ हर्ट्झला पत्र्याची हालचाल रोखायला कडकपणा लागतो. तो आधार, पट्ट्या आणि नीट लागणाऱ्या कुलपांतून येतो. दारांचे रबर तपासा: दारात कागदाची पट्टी अडकवून ओढा, सहज सुटली तर तिथे रबर दबत नाही. मागच्या बंपरआड बहुतेक गाड्यांत हवा बाहेर जाण्याच्या झडपा असतात, त्यातून दाब निसटतो. चाचणीपुरत्या त्या टेपने बंद करून फरक बघा आणि नंतर टेप काढा. स्पर्धेत काय चालतं हे आधी नियमावलीत वाचा; डीबी ड्रॅग रेसिंग, आयास्का आणि मेका या स्पर्धा-संघटनांचे वर्ग आणि नियम वेगवेगळे आहेत. काचेवर आधीच खड्याचा बारीक चरा असेल तर पूर्ण जोराचा बर्प करू नका, तो चरा तिथून पुढे पळतो.

तिसऱ्या फेरीचा शेवटचा हिशोब

वीज सुधारली, तरीही फेऱ्यांमध्ये १ डीबीच्या आसपास घसरण राहिली. हे कॉइलचं काम. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो. सकाळी थंड असताना एका वूफरच्या दोन्ही कॉइल सिरीजमध्ये मोजल्या तेव्हा १.८ ओम आले. तिसऱ्या बर्पनंतर अँप बंद केला, वायर सोडवली आणि दहा सेकंदांत पुन्हा मोजलं: २.४. एक-तृतीयांश वाढ, म्हणजे कॉइल सकाळपेक्षा जवळपास ८५ अंशांनी जास्त गरम, आणि तीही थोडी निवल्यावर. रोध एवढा वाढला की त्याच व्होल्टेजला पॉवर एक-सव्वा डीबीने घटते. प्रत्येकाने हे माप एकदा तरी घ्यावं असं मला मनापासून वाटतं. मीटरच्या प्रोबचा स्वतःचा रोध आधी दोन टोकं एकमेकांना टेकवून बघा आणि वजा करा, नाहीतर एवढ्या लहान ओमला फसगत होते.

यावर उपाय साधे आहेत. टोन गरजेपुरताच ठेवा. आकडा पहिल्या दीड-दोन सेकंदांत शिखर गाठत असेल तर पुढचा सगळा वेळ फक्त कॉइल तापवण्यात जातो. फेऱ्यांमध्ये डिकी उघडी ठेवा. कॉइलमधली उष्णता आधी चुंबकाच्या जड लोखंडात जाते, आणि ते लोखंड एकदा तापलं की निवायला दहा मिनिटं पुरत नाहीत. म्हणून सराव आदल्या दिवशी करा, स्पर्धेच्या सकाळी नाही. जळका वास आला तर त्या दिवशीचा वूफर तिथेच थांबवा. थंड झाल्यावर कोन दोन्ही हातांनी सारखा दाबून सावकाश आत-बाहेर करा; खरखर लागली तर कॉइल घासते आहे आणि तो वूफर उघडून बघितल्याशिवाय पुन्हा जोडायचा नाही.

हे सगळं झाल्यावर जुनाच अँप परत बसवला. फ्यूज होल्डर नवा, ग्राउंडला स्वतंत्र वायर, खोका फिरवलेला, ट्यूनिंग बर्पच्या जवळ आणलेलं, टोन दोन सेकंदांचा. पहिली फेरी १५०.६, दुसरी १५०.४, वीस मिनिटांनी तिसरी १५०.२. मोठा अँप अजून फडताळात आहे. पुढचं काम बॅटरीवरचा तो १२.६ चा खड्डा भरून काढायचं आहे, आणि तो १३.२ वर आल्याशिवाय मी तो अँप खाली काढणार नाही.